पाचव्या पेटीचं तापमान

"आणि या बघा, तीन नंबरच्या गाडीच्या चौथ्या आणि पाचव्या पेटीच्या रेषा," मॅडम पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, एकमेकींना सोडायला तयार नाहीत. इतका समतोल आम्हाला दुसऱ्या कुठल्याच गाडीत साधलेला नाही."

समितीच्या चारही पाहुण्यांनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मीटरकाकांनीही सवयीने मान डोलावली, आणि मग ती अर्ध्यातच थांबली.

मीटरकाका म्हणजे या संशोधन संस्थेचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या खिशात पाकीट नसेल, पण वीज तपासायचा मीटर असायचाच. लग्नाच्या फोटोतही तो वरच्या खिशातून डोकावतोय, असं लोक चेष्टेने म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. निवृत्तीला आता तीन महिने उरले होते. त्यांचं काम खालच्या मजल्यावर, तारा आणि पाने-पकडींच्या राज्यात. वरच्या मजल्यावरचे आलेख हा शिकलेल्या माणसांचा प्रांत. तिथे ते फिरकत नसत. आज मॅडमनीच बोलावून घेतलं होतं, पाहुण्यांनी जोडणीबद्दल काही विचारलं तर असावं कुणीतरी म्हणून.

संस्थेने बॅटरीवर चालणाऱ्या सहा बस शहरात सोडल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी बॅटरीच्या आठ पेट्या, आणि प्रत्येक पेटीत तापमान सांगणारा एक सेन्सर. कुठल्या पेटीची प्रकृती बिघडणार आहे, हे ती बिघडायच्या आधीच ओळखणारा प्रोग्राम मॅडमनी लिहिला होता. त्यासाठी त्यांनी ऐन तिशीतली चार वर्षं घातली होती. पाहुण्यांनी आज होकार दिला, तर आणखी चाळीस बस मिळणार होत्या.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पडद्यावर दोन रेषा नव्हत्याच, एकच होती. निळीच्या खाली हिरवी दडली होती. सकाळी गाडी डेपोतून निघाल्यापासून अंशाच्या दहाव्या भागाचासुद्धा फरक नाही. तापमान असं वागत नाही. जुळ्या भावंडांनासुद्धा एकाच अंशाचा ताप येत नाही.

आणि मागचं सगळं त्यांना एका क्षणात आठवलं.

दोन वर्षांपूर्वी, चाचणीच्या शेवटच्या दिवशी, पाचव्या पेटीचा सेन्सर मेला होता. नवा यायला दोन दिवस लागणार होते आणि चाचणी तर त्याच दुपारी व्हायची होती. संगणकाला पाचवीकडून काहीतरी ऐकू आल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. तेव्हा काकांनी चौथीच्या सेन्सरची एक तार काढून पाचवीच्या जागीही जोडली. आजच्यापुरती. अशी कामचलाऊ जोडणी प्रत्येक प्रयोगशाळेत होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिच्यावर लाल पट्टी गुंडाळायची, म्हणजे पेटी बंद करणाऱ्याला ती दिसते आणि तो ती काढून टाकतो. हा नियम काकांनीच घालून दिला होता. लाल पट्टी विसरणाऱ्या कितीतरी इंजिनियरांना त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या दिवशी नेमकी लाल पट्टी संपलेली आणि कोठीवाला रजेवर. त्यांनी काळी गुंडाळली. उद्या बदलू म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांची बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि गुडघ्याची वाटी फुटली. आठ दिवस ते दवाखान्यातच होते. परत आले तोवर पेट्या बंद होऊन गाडीखाली गेल्या होत्या, आणि ती काळी पट्टी काकांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती.

म्हणजे पाचवी पेटी दोन वर्षं मुकी होती. तिच्या वतीने चौथी बोलत होती.

बाहेर ऊन एक्केचाळीस अंशांवर गेलं होतं. मागे एकदा आवारात मुद्दाम तापवलेली पेटी जळताना त्यांनी पाहिली होती. आधी करडा धूर आला, आणि कुणी "बघा" म्हणेपर्यंत ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या होत्या. तेव्हा सगळे जाड काचेमागे उभे होते. बसमध्ये काच नाही, पेटीवर नुसता गाडीचा पत्रा आणि पत्र्यावर लोकांचे पाय.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या नकाशावर तीन नंबरचा ठिपका सरकत होता. सव्वाअकरा. म्हणजे टेकडीवरच्या दवाखान्याची फेरी. भरलेली गाडी, सगळ्यांत मोठा चढ.

आणि आज मंगळवार. मंगळवारी बायको गुडघ्याच्या व्यायामाला त्याच गाडीने जायची. "त्याच बसने जा," असं काकांनीच सांगितलं होतं, "धक्के बसत नाहीत. माझ्या हातची आहे."

ते कुणाच्या नकळत व्हरांड्यात आले. बटणं दाबताना बोट दोनदा चुकलं.

"कुठे आहेस?"

"बसमध्ये. दुसरीकडे कुठे असणार मंगळवारी? आत्ता बाजार सोडला."

"उतर. पुढच्या थांब्यावर उतर."

"का हो?"

"काही नाही. तू उतर, मी टॅक्सी करून देतो."

"टॅक्सी? तुम्ही?" ती हसली, आणि मग हसू थांबलं. "आवाज का असा येतोय तुमचा? गाडीत काही आहे का?"

काकांनी दारातून पडद्यावरचा ठिपका पाहिला.

"अहो, बोला ना."

"असेल. नसेलही. मला नक्की माहीत नाही. तू ऐक ना माझं, उतर गं."

पलीकडे एक बाळ किरकिरत होतं. बायकोचा आवाज एकदम हलका झाला. "मग मला एकटीलाच काय उतरायला सांगताय? शेजारी एक बाई बसलीय, मांडीवर बाळ आहे. तिला काय सांगू मी? ड्रायव्हरला सांगा. नाहीतर मीच जाऊन सांगते."

"तू नको," काका म्हणाले. "मी सांगतो."

दारापासून मॅडमपर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्या दहा पावलांत त्यांच्या मनाने त्यांना एक चांगली पळवाट काढून दिली. संध्याकाळी गाडी डेपोत येईल. पाच मिनिटांचं काम, तार काढायची, नवा सेन्सर बसवायचा, कानोकान खबर लागणार नाही. दोन वर्षं काही झालं नाही, आणखी एका चढाला काय होणार आहे? चौतीस वर्षांचं नाव, तीन महिन्यांवर आलेला निरोप समारंभ. मॅडमच्या चाळीस बस. ठिपका चढाला लागला होता.

"मॅडम, तीन नंबर थांबवा."

"काका, दोन मिनिटं हं," मॅडम पाहुण्यांकडे पाहून हसत म्हणाल्या.

"दोन मिनिटं नाहीत. ते पाचवीचं तापमान नाही. ते चौथीचंच आहे. मीच जोडलं होतं आणि काढायचं विसरलो. पाचवीत काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे मात्र त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांनी फोन उचलला. "गाडी बाजूला घ्या. सगळ्यांना उतरवा आणि लांब न्या. हो, आत्ता. नाही, इथे काही दिसत नाहीये. म्हणूनच तर."

एका पाहुण्याने आपली फाइल आवाज न करता मिटली.

जीप मॅडमनीच चालवली. काका मांडीवर तापमापकाची पेटी घेऊन शेजारी बसले होते. टेकडीच्या माथ्यावर त्यांना धूर दिसला आणि मॅडमनी जीपचा वेग वाढवला. जवळ गेल्यावर कळलं, ती दवाखान्याच्या धुलाईघराची चिमणी होती.

"म्हणजे दोन वर्षांचा सगळाच डेटा गेला," मॅडम गिअर बदलत म्हणाल्या.

"त्या गाडीचा, हो."

"प्रोग्रामला त्याच गाडीच्या डेटावर शिकवलंय, काका. समतोल सगळ्यांत चांगला होता ना तिचा."

गाडी चढाच्या मध्यावर उभी होती. पन्नास पावलांवर झाडांच्या सावलीत उतारू घोळक्याने थांबले होते. त्यात बायको आहे का, हे बघायचं काकांनी टाळलं. ते रस्त्यावर पाठीवर झोपले, गाडीखाली सरकले आणि मॅडमना म्हणाले, "तुम्ही लांब उभ्या राहा." मॅडम हलल्या नाहीत. चौथीच्या अंगाला तापमापक लावला. एक्केचाळीस. मग पाचवीकडे हात नेला.

चव्वेचाळीस.

त्यांनी पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. चव्वेचाळीस. साठापर्यंत काळजीचं कारण नव्हतं. एक्केचाळीस अंशांच्या उन्हात चढ चढणाऱ्या पेटीचं जेवढं असायला हवं, तेवढंच. काकांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं, तरी ते तसेच पडून राहिले.

"किती?" मॅडमनी वाकून विचारलं.

"चव्वेचाळीस."

मॅडम रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. त्या चिडल्या असत्या, तर काकांना बरं वाटलं असतं. "काका, हे तुम्ही संध्याकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं," त्या नुसत्या थकून म्हणाल्या. "पाहुणे तरी गेले असते."

"चव्वेचाळीस आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं मला?"

मॅडमनी मान डोलावली. "अहवालात हे सगळं लिहावं लागेल. तुमच्या नावासकट."

"लिहा," काका कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाले. त्यांनी आयुष्यात ज्यांना ज्यांना झापलं होतं, ते सगळे तो अहवाल वाचणार होते.

दुसरी बस यायला तास लागणार, असं ड्रायव्हरने जाहीर केलं, तशी माणसं कुरकुरत पायीच चढ चढू लागली. छत्री घेतलेले एक आजोबा सगळ्यांत तापले होते. गाडीला काही झालेलं नाही, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "कुणाचा गाढवपणा आहे हा? काही नसताना भर उन्हात उतरवलं! आणा त्याला इथे, उभा करा समोर."

काका तिथेच, चार हातांवर, तापमापक हातात घेऊन उभे होते. ड्रायव्हरने मान खाली घातली. मॅडम काहीतरी बोलण्यासाठी उठल्या, पण त्याआधीच घोळक्यातून काठी टेकत बायको पुढे आली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"हे काय, उभेच आहेत समोर," ती म्हणाली. "माझे मिस्टर आहेत. त्यांनीच थांबवली गाडी."

आजोबांनी छत्री उगाचच या हातातून त्या हातात घेतली. बाळ घेतलेली बाई वळून काकांकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

बायकोने खांद्यावरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली, त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांच्या देखत चढ चढायला लागली.