घरातच थांबा

त्यांना सगळे भोंगेबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. गाडीवर कर्णा लावून जे जे लोकांना ओरडून सांगायचं असतं ते त्यांच्याच आवाजात सांगितलं जाई. उद्या पाणी येणार नाही, चपलांच्या दुकानात सेल लागलाय, निळ्या फ्रॉकमधली मुलगी हरवली आहे. आवाज खणखणीत आणि बोलण्यात अशी जरब, की पाणी जणू बाईंच्याच हुकमावरून बंद झालंय. स्वतःचा आवाज गल्लीतून जाऊ लागला की बाई हातातलं काम थांबवून ऐकत. ऐकताना चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न करत, तो काही जमत नसे.

साथ आली आणि बाईंचं नशीब फळफळलं. असं म्हणणं बरं नव्हे, पण खरं तेच होतं. रस्ते ओस पडले, दुकानं बंद झाली, आणि त्या शांततेत सकाळ-संध्याकाळ एकच आवाज फिरू लागला. घरातच थांबा. लहान मुलांना बाहेर आणू नका. अगदी गरज असल्याशिवाय दवाखान्यात येऊ नका. या मजकुरात लसीकरणाच्या सिस्टरना आणखी एक वाक्य हवं होतं: तान्ह्या बाळांच्या नेहमीच्या लसी चालू आहेत, तेवढ्यासाठी जरूर या. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, नाहीतर लोकांचा गोंधळ उडतो. मग त्यांनी बाईंचं मत विचारलं. आपल्याला कुणी मत विचारतंय याचंच बाईंना इतकं अप्रूप, की त्यांनी मान डोलावलीच, वर हेही सांगितलं की लांबण लागली की लोक खिडक्या लावून घेतात. सिस्टरचं वाक्य गाळलं गेलं.

बाईंच्या घरी मुलगा, सून आणि रांगायला लागलेली नात. नातीला लाडानं ठमी म्हणत. मुलगा वीज कंपनीत होता आणि साथीच्या दिवसांत त्याचा मुक्काम कामावरच असे. ठमीला गोवराची लस द्यायची वेळ झाली तेव्हा घरात या दोघीच होत्या. लसीकरण केंद्रातून सुनेला फोन आला, की सकाळी या, प्रत्येक बाळाला वेगळी वेळ दिली आहे, गर्दी होणार नाही. सून मास्क लावून, ठमीला टोपडं घालून निघाली. बाईंनी तिला दारात अडवलं.

"मी सगळ्यांना घरात बसा म्हणून ओरडतेय, आणि माझीच सून पोर घेऊन रस्त्यानं जाणार? लोक काय म्हणतील?"

सुनेनं शांतपणे समजावून पाहिलं. एका आजाराला घाबरून दुसऱ्याला दार उघडं ठेवायचं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, गोवर आम्हालाही झाला होता, आम्ही काही मेलो नाही. सून म्हणाली, जे मेले ते सांगायला आले नाहीत. उत्तर बिनतोड होतं, आणि म्हणूनच बाईंचं डोकं फिरलं. इतक्या दिवसांत त्यांना उलटून बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. कर्ण्याला कोण उलटून बोलणार? त्या दारातून हलल्या नाहीत. शेवटी सुनेनं ठमीचं टोपडं काढलं.

बाईंना नातीची काळजी होती हे खोटं नाही. पण काळजीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं आपल्याबद्दल बायकोला 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' असं म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांनी ठमीची लस चुकवली होती. पुढच्या महिन्यात नेऊ असं ठरलं, मग त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि पुढे तो विषय कुणी काढलाच नाही.

साथ ओसरली. मुलं पुन्हा एकमेकांच्या अंगाखांद्यावर खेळू लागली, आणि गोवर आला. आसपासच्या बऱ्याच घरांत आला, कारण बऱ्याच घरांनी बाईंचं ऐकलं होतं. ठमीला ताप चढला, अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले, मग छाती भरली आणि कान वाहू लागला. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, की गोवराची लस का राहिली.

कॉटच्या पायथ्याशी बाई उभ्या होत्या. मुलगाही होता. तोंड उघडायची हीच वेळ होती. सगळ्या वस्तीला उठवणारा तो आवाज बाईंच्या घशाशी आला आणि तिथेच बसला.

"माझ्याकडून राहिली," सून म्हणाली.

मुलानं बायकोकडे पाहिलं. बाईंनी ते पाहणं पाहिलं आणि मूग गिळून उभ्या राहिल्या.

ठमी वाचली. डाव्या कानानं मात्र आता ऐकू येणार नाही असं सांगण्यात आलं. मुलगा काही दुष्ट नव्हता, पण दुखावलेला माणूस हाताशी असेल त्यावर राग काढतो. नळ थोडा वाहत राहिला, दूध उतू गेलं, की तो म्हणे, "तुझ्याकडून सगळं राहतंच." सून नळ बंद करी, ओटा पुसून काढी. बाई उठून दुसऱ्या खोलीत जात आणि तिथे उगाच चादरी झटकत बसत. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, तो जरा शांत झाला की सांगू, असं त्यांचं रोज चाले. तो शांत झाला की त्यांना वाटे, आता कशाला खपली काढा.

अशात साहेबांचं बोलावणं आलं. गोवराच्या लसीसाठी नवा मजकूर रेकॉर्ड करायचा होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत बाई चष्मा लावून बसल्या आणि पहिलंच वाक्य वाचून थांबल्या. मातांनो, तुमच्या निष्काळजीपणाची शिक्षा बाळाला देऊ नका.

बाई म्हणाल्या, हे 'मातांनो' काढा. साहेब म्हणाले, मग कुणाला म्हणू, बाळं माताच आणतात. बाईंनी विचारलं, आणि त्यांना अडवतं कोण? त्यावर साहेब म्हणाले, मागच्या वेळी लांबण नको असं तुम्हीच म्हणाला होतात. साहेबही वाईट नव्हते. साथ आल्यापासून त्यांच्या झोपेचं खोबरं झालं होतं आणि आता वरून रोज विचारणा होत होती, की लोक लस घ्यायला का येत नाहीत. कुणावर तरी ढकलायला हवं होतं, आणि माता सोयीच्या होत्या.

बाईंनी मजकूर वाचायला घेतला. त्या वाक्याची पाळी आली तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला.

"घरातल्या मोठ्यांनो, सुनेला, लेकीला दारात अडवू नका. मी अडवलं होतं. माझ्या नातीचा एक कान गेला. तिच्या आईची काही चूक नव्हती."

रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन काढून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बाईंनी खाली ठेवलेला कागद उचलला आणि दुमडून खिशात घातला. मग म्हणाले, "राहू द्या हे. हे लोक ऐकतील."

बाईंचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत. आता गाडीच सांगेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पाणी जाण्यापासून माणूस जाण्यापर्यंत सगळं लोकांना गाडीच सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गल्लीत वळली. मुलगा आरशासमोर दाढी करत होता. "मी अडवलं होतं" ऐकल्यावर त्याचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" सून म्हणाली. "तू नुसता बोलत होतास."

तो मागे वळला. पलंगावर खेळणाऱ्या ठमीजवळ जाऊन बसला, तोंडही न धुता.

बाई ओट्यापाशी गेल्या. आपण काहीतरी मोठं काम केलंय आणि आता हलकं वाटेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या म्हणाल्या, "चला, तुझ्यावरचा आळ तर गेला."

सुनेनं गॅस बंद केला.

"आई, मी तुम्हाला वाचवायला खोटं नव्हते बोलले. तुम्ही नाही म्हणालात आणि मी थांबले. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तेवढी चूक माझी, ती माझी मी बघीन, ती तुम्ही कर्ण्यावरून काढून घेऊ नका." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि तुमचं म्हणाल, तर आज शिंप्याला कळलं, दूधवाल्याला कळलं, सगळ्यांना कळलं. इतके महिने आपण दोघी रोज या ओट्यापाशी उभ्या होतो. मला एकटीला सांगायलाच तुम्हाला गाडी लागली?"

गाडी पलीकडच्या गल्लीत पोहोचली होती. तिथून बाईंचा आवाज एकेक शब्द सुटा ऐकू येत होता, कुठे न अडखळता. बाईंना त्या आवाजाची आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. घशातून जेमतेम फुटलं.

"ऐकू आलं नाही," सून म्हणाली.

बाईंनी ओट्याची कड धरली आणि पुन्हा सुरुवात केली.