गुडघा गेलेला कॅप्टन

ज्यावर कोचला मत नाही असा विषय या जगात नव्हता, आणि बास्केटबॉल म्हणजे तर त्याच्या घरचंच कार्य. आता खरं सांगायचं तर त्याने उभ्या आयुष्यात बास्केटमध्ये चेंडू टाकला तो एकदाच, शाळेत असताना, आणि तोही पास द्यायला गेला म्हणून. पण काचेच्या गोदामात त्याला सगळे कोचच म्हणायचे. तिथल्या पाच माणसांच्या टोळीचा तो मुकादम होता. काच उतरवायची, उभ्या रॅकमध्ये लावायची, मापाने कापून पाठवायची, आणि हे सगळं चालू असताना कोचची मतं ऐकायची, असा त्या टोळीचा दिवस.

या वर्षीचं त्याचं मोठं मत त्यांच्या लाडक्या संघाच्या कॅप्टनबद्दल होतं. कॅप्टन अकरा वर्षं संघात होता, लोकांचा लाडका होता, आणि त्याचे गुडघे गेले होते. सीझन निम्मा संपला तेव्हापासून कोचने एकच लावून धरलं होतं. "विका त्याला. अजून कुणी घेतंय तोवर विका. प्लेऑफमध्ये हारतुरे खेळत नाहीत, पाय खेळतात."

आणि काय आश्चर्य, संघाने खरंच कॅप्टनला दुसऱ्या संघाकडे दिलं आणि बदल्यात बावीस वर्षांचा एक सडपातळ खेळाडू घेतला. त्या दिवशी कोच असा काही मिरवत होता की जणू ती बोलणी यानेच फोनवर पार पाडली.

त्याच्याशी भांडायला एकच माणूस उभा राही, तो म्हणजे दादा. दादा हा कोचच्या बायकोचा थोरला भाऊ, टोळीतला सगळ्यात जुना. कोचला इथे चिकटवलं तेही त्यानेच. "अकरा वर्षं घाम गाळला त्या माणसाने, दाजी," दादा म्हणायचा. "आणि घालवलं एका फोनवर."

"दादा, तुम्ही भावनेच्या आहारी जाता."

"मग कशाच्या आहारी जाऊ?"

हे भांडण गोदामात सुरू व्हायचं आणि रात्री कोचच्या घरी ताटावर संपायचं. दादाची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याची एक खोली होती. पण जेवायला तो रोज बहिणीकडे. तिला तो अजून छोटी म्हणायचा, आणि छोटी नवऱ्याच्या आधी त्याला वाढायची.

तर गेल्या आठवड्यात काय झालं, दादा आणि कोच मिळून एक मोठी काच नेत होते. मधेच दादाचा उजवा गुडघा वाकला आणि काच निसटली. कोचच्या पावलापासून वीतभर अंतरावर ती फुटली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टोळीने तुकडे वेचले, दादाला पाणी दिलं, आणि वर कुणी काही कळवलं नाही. पण त्या दिवसापासून कोचचं काळीज थाऱ्यावर नव्हतं. दादाने काचेला हात लावला की हा हातातलं काम टाकून तिकडे धावायचा.

आणि सोमवारी गोदामाच्या मॅनेजर मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बसने पाच तासांवर कंपनीचं दुसरं गोदाम होतं. तिथे आलेला माल तपासायला जुनी, मुरलेली नजर हवी होती, काम बहुतेक बसूनच. त्याच्या बदल्यात ते कटिंग मशीन चालवणारा एक तरणा माणूस देणार होते.

"एक नाव द्या," मॅडम म्हणाल्या. "उद्या बाराच्या आत. पाचला बदलीची ऑर्डर निघेल." मग हसून म्हणाल्या, "तुम्हाला काय अवघड? भावना बाजूला ठेवायची, हे तुमचंच ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं फळ हे असं मिळालं होतं. कोचने रात्रभर चार नावं फिरवून फिरवून पाहिली. मशीनवाला पोरसवदा, त्याच्याकडे मुरलेली नजर कुठली. बाकी दोघांची मुलं शाळेत. उरला दादा, आणि दादासाठी तर हे काम देवाने धाडल्यासारखं होतं. गुडघा वाचेल, जीव वाचेल. फक्त तिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी हा माणूस एका खोलीत एकट्याने भात लावेल आणि भिंतीकडे बघत जेवेल. छोटीला काय सांगायचं? सकाळी डबा भरताना ती काहीतरी बोलत होती, त्यातला एक शब्द कोचच्या डोक्यात शिरला नाही.

मंगळवारी साडेअकराला त्याने चिठ्ठीवर दादाचं नाव लिहिलं, ती मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवली, आणि चोरासारखा बाहेर आला.

त्याच दिवशी प्लेऑफची सातवी मॅच होती. तीन-तीन अशी बरोबरी, आता जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. जेवणाच्या सुट्टीत मशीनवाल्याने काच बसवायच्या लांबीच्या डब्याला फोन टेकवून उभा केला आणि पाचही जण त्याभोवती बसले. शेवटचा क्वार्टर सुरू होता. संघ पुढे गेला की कोचला धडकी भरायची, मागे पडला की बरं वाटायचं, आणि हे काय चाललंय ते त्याचं त्यालाच कळेना. मग कळलं. वीस वर्षांत पहिल्यांदा आपला संघ हरावा असं त्याला वाटत होतं. हरला, तर आपलं चुकलं. आपलं चुकलं, तर ट्रेमधली चिठ्ठीही चुकली. मग केबिनमध्ये जाऊन ती उचलून आणायला तोंड तरी राहील.

नऊ सेकंद उरले असताना त्या बावीस वर्षांच्या सडपातळ पोराने लांबून चेंडू टाकला, आणि संघ दोन गुणांनी जिंकला.

टोळीने गोदाम डोक्यावर घेतलं. कुणीतरी कोचच्या पाठीत थाप मारली. दादाने चहाचा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मानलं, दाजी. माझं चुकलं. कॅप्टन असता तर आज हा चेंडू पडला नसता. गुडघा गेला की माणसाने आपण होऊन बाजूला व्हावं. तुमचं बरोबर होतं."

सीझनभर ज्या वाक्यासाठी कोचने घसा कोरडा केला, ते हे वाक्य.

"काही बरोबर नव्हतं," कोच म्हणाला.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, एक चेंडू पडला म्हणून काय झालं? नशीब होतं ते. कॅप्टनला ठेवायला हवं होतं. बाकावर बसला असता तरी चाललं असतं. अकरा वर्षं... घरचा माणूस असतो तो. त्याला असं परक्या गावाला धाडायचं, हे काय शहाणपण आहे?" त्याचा आवाज चिरकायला लागला होता. मशीनवाला हसून म्हणाला, "कोच, जिंकलोय आपण." दादा मात्र हसला नाही. तो कोचकडे बघत राहिला. मग त्याने हातमोजे चढवले आणि म्हणाला, "चला, मोठी काच राहिलीय."

कोचला नाही म्हणता आलं नाही. दोघांनी काच उचलली. दादा पुढे, कोच मागे. पावलं मोजायचं काम नेहमी दादाचं.

"डावा. उजवा. दाजी, वीस वर्षांत तुम्ही कधी मत बदललंय?"

"दादा..."

"काच हातात आहे, बोलू नका. डावा. कुणाची तरी बदली होणार, हे सकाळी कानावर आलं होतं माझ्या. उजवा. माझं नाव दिलंत ना?"

हात सोडता येत नव्हते आणि तोंड लपवायला जागा नव्हती.

"हो," कोच म्हणाला.

दोन पावलं दादाने मोजलीच नाहीत. दोघांची चाल चुकली, काच थरथरली. मग तो पुन्हा म्हणाला, "डावा," आणि काच रॅकला लागेपर्यंत नुसती पावलं मोजत राहिला.

"मी चिठ्ठी परत आणतो," कोच घाईने म्हणाला. "पाच वाजायचेत अजून."

"राहू द्या. गुडघा माझाच आहे, मला ठाऊक नाही होय? त्या दिवशी तुमचा पाय गेला असता, तर छोटीला मी कुठलं तोंड दाखवलं असतं?" दादाने मोजे काढले, त्यांची घडी घातली. "तिला मी सांगतो, बदली मीच मागून घेतली म्हणून. तुम्ही मधे पडू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आत्ताच सगळ्यांनी पाहिलं."

संध्याकाळी कोच घरी आला तेव्हा छोटी ओट्याशी पाठ करून उभी होती. ती वळली तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते.

"दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "स्वतःहून मागितली म्हणे बदली. येत्या सोमवारी जायचंय. तुम्ही तिथेच होतात ना? अडवलं का नाहीत त्याला?"

सगळं तयार होतं. 'हट्टी आहेत, ऐकतायत कुठे,' एवढं म्हटलं असतं की भागत होतं. कोचने चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावल्या.

"त्यांनी मागितली नाही," तो म्हणाला. "त्यांचं नाव मी दिलं."

आणि मग तो बोलत सुटला. गुडघा, फुटलेली काच, वीतभर अंतर, तिथलं बसून करायचं काम, बाकीच्यांची शाळेतली मुलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. बोलता बोलता त्याचाच आवाज त्याच्या कानावर पडला, तोच तो, मुद्द्याला मुद्दा लावत जाणारा, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो थांबला.

छोटीने सगळं ऐकून घेतलं होतं. तिने एवढंच विचारलं, "नाव द्यायच्या आधी त्याला विचारलं होतंत?"

रोज संध्याकाळी हा माणूस समोर बसून जेवत होता. सोमवारीसुद्धा जेवला होता, दोनदा भात घेऊन.

"नाही," कोच म्हणाला.

तिने डबा काढला, त्यात दोन माणसांचं जेवण भरलं, झाकण दाबून लावलं आणि चपला पायात सरकवल्या.

"मी तिकडे त्याच्याबरोबर जेवते," दारातून ती म्हणाली. "तुम्ही वाढून घ्या."