पाळणाघरातला उंदीर

घरात साबण होता, जुने जोडे होते, रद्दीचा अख्खा गठ्ठा होता. एवढं सगळं सोडून त्या मेल्या उंदराने कुरतडली ती दुधाच्या बाटलीची निपल, आणि तीही नर्सच्या बाळाची. संध्याकाळी बाळाला न्यायला आलेल्या नर्सने बाटली उजेडाकडे धरली, रबरावरच्या बारीक दातांच्या खुणा पाहिल्या आणि बाळाला खांद्यावर टाकून निघून गेली. दोन दिवसांनी तिची तक्रार कचेरीत पोचली आणि तिसऱ्या दिवशी निरीक्षक बाई दारात उभ्या राहिल्या.

निरीक्षक बाई आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, पाळण्यांखाली वाकून पाहिलं, कपाटामागून चार लेंड्या कागदावर उचलल्या आणि तो कागद मावशीसमोर धरला. "उन्हाळ्यात एकदा येईन, पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा," त्या म्हणाल्या. "कधी ते सांगणार नाही. तिन्ही वेळा घर स्वच्छ सापडलं तर परवानगी राहील. एकदा जरी असलं काही दिसलं तर पाळणाघर बंद. आणि विषारी गोळ्या, फवारे, चिकट सापळे यातलं काही चालणार नाही. मुलं रांगतात इथं."

मावशीला सगळी गल्ली मावशीच म्हणायची. अठरा वर्षं ती लोकांची मुलं सांभाळत होती. तिने भरवलेली पोरं आता मिशा ठेवून रस्त्यात भेटायची. दुसरं काही काम तिला येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिने केलं नसतं. पण त्या लेंड्यांची बातमी फुटली आणि आठ मुलांपैकी पाच मुलं पंधरा दिवसांत गेली. कुणाच्या आजीला अचानक नातवंडाचा लळा आला, कुणाला ऑफिसजवळ सोय मिळाली. खरं कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही. राहिली तीन. त्यातला साडेतीन वर्षांचा वकील, ऊठसूट वाद घालायचा म्हणून वकील, तेवढा स्पष्ट बोलला. "मला उंदीर बघायचाय," तो म्हणाला.

"बघशील की," मावशी म्हणाली. "पण या घरात नाही." आणि तिने कंबर कसली.

तिची पद्धत जगावेगळी होती. उभ्या माणसाला कुठलंही घर स्वच्छच दिसतं, असं तिचं म्हणणं. म्हणून रोज दुपारी मुलांची जेवणं उरकली की ती गुडघे टेकायची आणि मुलं ज्या वाटेने रांगतात त्या वाटेने सगळं घर रांगून काढायची. पाळण्यांखालून, टेबलाखालून, थेट मोरीच्या उंबऱ्यापर्यंत. मागे तिन्ही मुलं. वकील सगळ्यात शेवटी, कारण चालता येत असताना रांगायचं कशाला, हा त्याचा मुद्दा अजून निकाली निघाला नव्हता. मावशीचे यजमान नळजोडणीची कामं करायचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. ते एकदा दुपारचे जेवायला आले आणि ही वरात बघून दारातच थबकले.

"मी कुठून येऊ?" त्यांनी विचारलं.

"खालून," मावशी म्हणाली.

उन्हाळ्यात मुंग्यांनी जीव खाल्ला. मावशीने त्यांची रांग पुसून टाकली नाही. रांगत तिच्या मागे मागे गेली, खिडकीच्या चौकटीतली फट शोधली आणि पांढऱ्या सिमेंटने लिंपून टाकली. बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यांत गेली, डबे पाण्याच्या ताटांत गेले. मुलांनी खायचं ते एकाच प्लॅस्टिकच्या चादरीवर, आणि शेवटचा घास तोंडात असतानाच चादर धुवायला. झुरळांसाठी तिने संध्याकाळी मोरीच्या जाळीवर वजन ठेवायला सुरुवात केली, बेसिन कोरडं पुसायला सुरुवात केली आणि घरातले सगळे पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढले. खोका म्हणजे झुरळांचं बाळंतपणाचं घर, असं ती म्हणायची, आणि आपल्या घरात एकच पाळणाघर चालेल. मिस्त्रींनी आपल्या खोक्यांसाठी दोन दिवस तोंड फुगवलं, मग पत्र्याची पेटी आणली. त्या ऋतूत निरीक्षक बाई ऐन दुपारी आल्या, सगळीकडे फिरल्या, कागदावर एक ओळ लिहून गेल्या.

पावसाळ्यात भिंती ओलावल्या. चित्रांच्या पुस्तकांत कसर, न्हाणीत गोम, कुंडीखालच्या बशीत डासांची पिलावळ. मावशीने डोळ्यांत तेल घालून एकेक गोष्ट धरली. पुस्तकं पानं उलगडून पंख्याखाली मांडली, बशा उपड्या केल्या, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. निरीक्षक बाईंना मागच्या पायरीवर एक गोम दिसलीच. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी गोमेकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाहेर आहे." दुसराही कागद भरला.

खरी गाठ थंडीशी होती. गारठा पडला की उंदीर ऊब शोधत घरात शिरतो. मावशीने रोज संध्याकाळी मुलं गेल्यावर भिंतीच्या कडेने पिठाची पातळ रेघ पसरायला घेतली. सकाळी मुलं यायच्या आत ती पीठ वाचायची, मगच झाडायची. नऊ दिवस पीठ कोरं होतं. दहाव्या दिवशी बारीक पावलं उमटली होती आणि मधून शेपटीची रेघ ओढलेली होती. पावलं निघत होती ती बेसिनखालच्या लाकडी कपाटातून.

ते कपाट म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. बारा वर्षांपूर्वी इमारतीतल्या पाचही घरांचे पाइप त्यांनी बदलले होते आणि आपल्या घरात पाइप झाकायला स्वतः रंधा मारून हे कपाट बसवलं होतं. मावशीने मागची फळी उघडायला सांगितली तर ते म्हणाले, "माझ्या कामात उंदीर? शक्यच नाही." ते कामावर गेल्यावर मावशीने पेचकस घेतला आणि फळी काढली. दोन बोटं जाडीचा पाइप, आणि तो जिथून भिंतीत शिरत होता तिथे मूठ जाईल एवढं भोक. भोकात कधीकाळी पोत्याचा बोळा कोंबलेला होता. त्या बोळ्याचं आता उंदरांनी घर केलं होतं, चांगलं मऊ पिंजून.

तिने तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट थापलं. तीन दिवसांनी पावलं न्हाणीतून निघाली. तिथलं बुजवलं तर पाळण्यांच्या खोलीत भिंतीआडून खुडबुड ऐकू यायला लागली. मावशीच्या लक्षात आलं ते साधं होतं: उंदीर तिच्या घरात राहतच नव्हते. ते पाइपांच्या मागे, भिंतीच्या पोकळीत राहत होते, आणि पाचही घरांतून खाऊन पिऊन येत होते.

संध्याकाळी तिने मिस्त्रींना विचारलं, "वरखालच्या घरांतही एवढीच भोकं पाडलीत?"

"पाइप बसवताना हात हलवायला जागा लागते," मिस्त्री म्हणाले.

"आणि बसवल्यावर?"

"पोतं कोंबलं होतं की."

"उद्या चारही घरी जा, सांगा आणि बुजवून या."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "काय सांगू? माझं काम कच्चं निघालं म्हणून? बारा वर्षं त्याच लोकांत नाव कमावलंय मी. त्यापेक्षा तू जा, उंदीर झालेत म्हण, मी बुजवून देईन."

"भोकं तुमची आहेत. तुम्हीच सांगायचं."

"आणि तू?" मिस्त्री एकदम म्हणाले. "तू तरी त्या नर्सला कुठे सांगितलंस?"

हे फक्त त्या दोघांनाच माहीत होतं. बाटली कुरतडली जायच्या चार दिवस आधी तिला ओट्याखाली लेंड्या दिसल्या होत्या. तिने त्या झाडून टाकल्या आणि मूग गिळून बसली. मुलं जातील ही भीती होती, आणि उंदीर यायचे आपोआप बंद होतील, अशी खुळी आशा होती. नर्स गेली ती उंदरामुळे, असं सगळे समजत होते. मावशीलाही सोयीचं होतं तसं समजणं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती नवऱ्याने ती बोलून दाखवल्याची.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुमची चार दारं, माझं एक."

"अगं, तपासणी होऊन जाऊ दे ना. ती पुन्हा तक्रार करेल, होत्याचं नव्हतं होईल. कागद हातात आला की मग जा."

"कागद हातात आल्यावर गेले तर त्या सांगण्याला काय किंमत?"

मिस्त्रींनी पुढे वाद घातला नाही. सकाळी त्यांनी पिशवीत थापी, सिमेंट आणि घासण्यांचा ढीग भरला आणि खालच्या मास्तरांच्या घरी गेले. मावशी मुलांना भात भरवत होती. बेसिनखालची फळी उघडीच होती, आणि सिमेंटच्या कडेला राहिलेल्या फटीतून खालचा आवाज स्पष्ट वर येत होता.

"मास्तर, बारा वर्षांपूर्वी तुमच्याकडे काम केलं ते मी अर्धवट सोडलं होतं. भोक बुजवायचं राहिलं. चूक माझी."

"कोण बोलतंय?" वकिलाने विचारलं.

"आमचे मिस्त्री," मावशी म्हणाली, आणि तिला नवऱ्याचा असा अभिमान वाटला की पुढचा घास तिने वकिलाच्या ऐवजी चुकून स्वतःच्याच तोंडात घातला. मास्तर काहीतरी पुटपुटले, मग थापीचा खरखर आवाज आला, आणि थोड्या वेळाने खालून काहीच ऐकू येईना.

मिस्त्रींना चार घरांना तीन दिवस लागले. एका घरी ऐकून घ्यावं लागलं, एका घरी चहा मिळाला. तीन दिवसांनी पीठ कोरं राहिलं, आणि त्यानंतरही.

मावशी रविवारी नर्सकडे गेली. नर्स घरीच होती, बाळ पलंगाला धरून उभं होतं, चांगलं अंगाने भरलं होतं. मावशी बसली नाही.

"चार दिवस आधी मला कळलं होतं," ती म्हणाली. "घरात उंदीर आहेत ते. लेंड्या झाडून टाकल्या, तुला सांगितलं नाही."

नर्सने हातातलं दुपटं खाली ठेवलं. "चार दिवस?"

"चार दिवस."

"सांगितलं असतं तर मी बाटली रोज घरी नेली असती, मावशी. बाळाला काढून नेलं नसतं. तुमच्याशिवाय माझं होतं कोण?" तिने पलंगाकडे जाऊन बाळाला उचललं. "आणि आता सांगताय. उद्या मी हे कचेरीत कळवलं तर?"

"तर कळव. खरंच आहे ते."

नर्स बसा म्हणाली नाही. मावशी जिना उतरली. घरी येऊन तिने रोजच्यासारखी पिठाची रेघ पसरली. पाळणाघर राहो न राहो, रेघ चुकवायची नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

निरीक्षक बाई गुरुवारी सकाळी सहालाच आल्या. बाहेर अजून धुकं होतं. त्यांनी भिंतीकडेची पिठाची कोरी रेघ पाहिली, ओट्याखाली पाहिलं, कपाटं सरकवली, बेसिनखाली बसून सिमेंटवर नख ओढून बघितलं. पाळण्यांच्या खोलीत त्या बराच वेळ होत्या. मिस्त्री दाराशी हाताची घडी घालून उभे होते आणि मावशी दूध ढवळत होती, ज्याला ढवळायची काहीच गरज नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. दारात नर्स होती, पांढऱ्या गणवेशात, कडेवर बाळ. मावशीच्या हातातली पळी थांबली. संपलं, तिला वाटलं. बाईंच्या तोंडावरच सांगायला आली ही.

"तुम्हीच ना तक्रार केली होती?" निरीक्षक बाईंनी तिला ओळखलं.

"हो," नर्स म्हणाली. "मीच."

"मग बरं झालं आलात. मला तर इथे काही सापडलं नाही. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सही करायच्या आधी सांगा."

नर्सने मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. माफी होती की नाही, तेही सांगता येत नव्हतं. मग ती वाकली आणि तिने बाळाला खाली ठेवलं. पाळण्यात नाही, चटईवर नाही, उघड्या फरशीवर. बाळाने दोन्ही तळवे फरशीवर आपटले, एक तळवा तोंडात घातला आणि बेसिनच्या दिशेने रांगायला लागलं. नर्सने ना त्याचा हात तोंडातून काढला, ना त्याला अडवलं.

"दुपारी तीनला येते," ती मावशीला म्हणाली. "काही दिसलं तर मला लगेच फोन करायचा. झाडायच्या आधी."

"आधी," मावशी म्हणाली.