दोन भोकांची बटणं

"घ्या, ह्या वेळी दोन भोकांची आलीत," म्हणत बटणवालीने पुडा टेबलावर ओतला आणि शेजारच्या मशीनवर बसलेल्या काजवालीने मशीन थांबवलं.

शर्टांच्या त्या लहानशा कारखान्यात दोघींना खऱ्या नावाने हाक मारून पाच वर्षं झाली होती. ही काजं पाडायची, ती हाताने बटणं लावायची. मास्तर दोघींवर सारखाच खेकसायचा. काजवालीचा मग दिवसभर जळफळाट. बटणवाली मात्र सुई उचलून पुन्हा ओठ हलवायला लागायची. तिची रीत ठरलेली होती. बटणाला भोकं चार, भोकागणिक एक नाव देवाच्या कानावर घालायचं. मुलगा, आई, अंथरुणाला खिळलेला भाऊ आणि चौथी काजवालीची छकुली.

"माझ्या पोरीला लोकांच्या शर्टांत कशाला अडकवतेस गं?" काजवालीने थट्टा केली होती. शिकली-सवरलेली ती, देवावर तिचा विश्वास नव्हता. बटणवालीच्या देवावर मात्र थोडा होता. छकुलीची छाती घरघरायला लागली, की कारखान्यात शिरताच तिची नजर आधी त्या हलत्या ओठांवर जायची. मग कुठे जिवात जीव यायचा.

आणि आता दोनच भोकं. त्यात महिन्यापूर्वी आलेली ती इस्त्रीवाली! तिचा नवरा दवाखान्यात काय पडला, बटणवालीचा डबा रोज तिच्याच शेजारी उघडायला लागला. आत्तासुद्धा दोघी कशाला तरी हसत होत्या. एवढं काय असतं हसण्यासारखं?

काजवाली मान वळवून बघत राहिली आणि हात आपले चालत राहिले.

"अहो बाई!" मास्तरने शर्ट उंच धरला. पुरुषांचा शर्ट, आणि काजं सगळी उजव्या पट्टीवर. "हा गिऱ्हाइकाने घालायचा, की त्याच्या बायकोने?"

सगळे खो-खो हसले. इस्त्रीवालीसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत काजवालीने मैत्रिणीला जिन्यातच अडवलं. "खरं सांग, छकुलीला काढलंस ना? दोन भोकांत कोण कोण मावणार? आता इस्त्रीवालीचा नवरा लाडका!"

 बटणवाली तोंडाला पदर लावून हसली. "अगं बाई, कॉलेजात काय शिकलीस? भोकं दोन असली तरी दोरा चारदा जातो. वर, खाली, वर, खाली. मोज की."

"आणि इस्त्रीवालीचा नवरा?"

"त्याला गाठीत बांधते. शेवटी."

काजवालीला हायसं वाटलं, पण आतला खडा काही विरघळेना. "सगळे आहेत. मीच तेवढी कुठे नाही."

"तुझं कशाला घेऊ?" बटणवाली म्हणाली. "तू तर शेजारीच बसलेली असतेस."

त्या आठवड्यातच बटणवालीचा भाऊ गेला. तिची खुर्ची रिकामी पडली. "बाई, आज बटणं तुम्हीच घ्या," मास्तर म्हणाला. पहिल्यांदाच खेकसला नाही.

काजवाली त्या खुर्चीत बसली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी रोज मागितलं तोच गेला, आता बटणवाली परत आल्यावर ओठ हलवील का? विचारायचं तरी कसं? काजवालीने दोरा ओवला. आजूबाजूला कुणी बघत नाहीसं पाहून सुई वर काढली. मुलगा. खाली. आई. तिसऱ्यांदा सुई भोकाशी आली आणि तिथेच थांबली.

भावाच्या ह्या जागेवर आता कुणीच नव्हतं.

मग तिने हळूच बटणवालीचं नाव घेतलं, पाच वर्षांत न उच्चारलेलं, खरं. दोरा ओढला. चौथ्या फेरीला छकुली.

पलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसली. काजवालीने तिकडे एकदा डोळे वटारून पाहिलं, आणि गाठ मारली. जरा रागानेच, पण घट्ट.