देवकांचनाची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी खोटी आहे. बागेच्या फाटकाजवळच्या झाडावर मी असते. माझ्यावर ठळक अक्षरांत ‘देवकांचन’ लिहिले आहे. झाड मात्र रक्तकांचन आहे.

माझा जन्म एका डब्याच्या झाकणातून झाला. माळीबाबांनी ते कापले, कडा घासून बोथट केल्या आणि रंगाऱ्याकडून नाव लिहून घेतले. तेव्हा फाटकाशी दोन झाडे होती, सख्ख्या बहिणींसारखी. दोघींची पाने मधोमध चिरलेली, दोघींची फुले जांभळट गुलाबी. येणारेजाणारे हमखास फसायचे आणि माळीबाबांना चेव यायचा.

“पानाची चीर बघा. देवकांचनाची पार निम्म्यापर्यंत जाते, रक्तकांचनाची लवकर आटोपते. फूल मिळालं तर आतल्या मिशा, म्हणजे ते लांब केसर, मोजा. देवकांचनाला तीन, रक्तकांचनाला पाच. आणि पान नाही, फूल नाही, तर गप घरी जा आणि थांबा!”

लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे, तेव्हा मला हसू यायचे.

देवकांचन माळीबाबांच्या बायकोने शेंगेतल्या बीपासून वाढवले होते. ती गेली. पावसाळा सरला की झाड फुलायचे आणि माळीबाबा जेवणाचा डबा घेऊन त्याच्याखाली बसायचे. “आलीस का?” असे हळूच विचारायचे. ते फक्त मी ऐकले आहे.

मग फाटक रुंद करायचे ठरले. दोन्हींपैकी एकच झाड राहणार होते. नेमके तेव्हाच माळीबाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते. जाताना त्यांनी नव्या मुकादमाचा हात धरला. “पाटीवालं झाड तेवढं ठेवा. दुसरं काही मागत नाही.”

“काळजीच सोडा, बाबा,” मुकादम म्हणाला.

माणूस वाईट नव्हता हो. उलट, म्हातारा परत येईल तेव्हा पाटी झकास दिसावी, म्हणून त्याने मला काढून रंगवायला दिले. आठवडाभर मी रंगाऱ्याच्या भिंतीला टेकून वाळत होते. तेवढ्यात इकडे कामात अडचण नको म्हणून दोन्ही झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या. मी परत आले, तर समोर दोन बोडके बुंधे. पान नाही, फूल नाही. खिळ्यांच्या जुन्या खुणा दोघींवरही होत्या. मुकादमाने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

“हेच असणार,” तो म्हणाला आणि त्याने मला ठोकले.

खिळा आत शिरताच मला कळले. इतकी वर्षे जिला पाठ लावून होते, ती ही साल नव्हती. पण पाटीला तोंड कुठले? दुसऱ्या दिवशी करवत आली आणि माझ्यापासून चार पावलांवर दुपारपर्यंत चालली. तो आवाज माझ्या पत्र्यात राहिला आहे. वारा नसतानाही मी कुरकुरते ना, ते त्यामुळेच.

माळीबाबा लेकीचा हात धरून परतले. मला चाचपून म्हणाले, “वाचलं गं!” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पावसाळा सरला, ते डबा घेऊन बसले. फूल नाही. “छाटणीने रुसलं असेल,” म्हणाले. मधमाश्या मात्र आल्या आणि फाटकाच्या रिकाम्या जागेत घिरट्या घालून गेल्या.

थंडी ओसरल्यावर झाड फुलले. लेकीने पहिले फूल आणून दिले. त्यांना बारीक दिसत नव्हते, म्हणून त्यांनी बोटांनी मिशा मोजल्या. एक, दोन, तीन. तिथे बोट बराच वेळ थांबले. मग चार. पाच.

“पण बाबा, पाटीवर देवकांचनच लिहिलंय,” लेक म्हणाली.

“पाटी खोटं बोलतेय, बाळा.”

मुकादमाला कळले तेव्हा तो रडवेला झाला आणि मला उपटायला पक्कड घेऊन आला. माळीबाबांनी हात आडवा घातला. “राहू दे. तिच्या झाडाचं नाव तरी तेवढं उरलंय.”

आता माळीबाबाही नाहीत. मी आहे. मित्रांनो, घाई करून कुणाला नाव चिकटवू नका. पानांची वाट बघा, फुलांची वाट बघा. आणि या फाटकातून जाल तेव्हा माझ्यावर विश्वास न ठेवता एक फूल उचला आणि मिशा मोजा. पाचच येतील. पण चुकून कधी तीन आल्या, तर मोठ्याने सांगा. मी ऐकत असते.