उलट्या बाजूने फिरलेला पाट

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. मी केक सजवण्याचा एक जुना फिरता पाट आहे. माझ्यावर केक ठेवतात, एका हाताने मला फिरवतात आणि दुसऱ्या हाताने त्यावर नक्षी काढतात. जाता जाता कुणाची बाही घासून गेली तरी मी अर्धा फेरा घेतो. मला फळीवर उचलून ठेवलं की माझा जीव कासावीस होतो. पण गेल्या हिवाळ्यात मी कामात असूनही अस्वस्थ होतो आणि त्याला कारण माझा स्वतःचाच आवाज होता. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका शेडमध्ये झाला. एमिल झेलेन्का तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याची बायको अल्बिना लोकांच्या लग्नाचे केक करायची आणि केकभोवती फिरून फिरून तिची कंबर धरायची. एमिलने एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं बेअरिंग काढलं, खाली ओतीव लोखंडाचा पाय बसवला, वर गोल चकती ठोकली आणि मला ओट्यावर आणून आदळलं.

"अरे देवा, केवढा जड केलायस हा!" अल्बिना म्हणाली.

"केक पळून जायला नको," एमिल म्हणाला.

पुढे त्या ओट्याची बेकरी झाली. अल्बिनाच्या उजव्या हातात नक्षी काढायची, लोणी-साखरेच्या बटरक्रीमने भरलेली पिशवी असायची आणि डावा हात माझ्या कडेवर. तिच्यामागून तिची मुलगी लिओना आली, तीही उजव्या हाताची. त्यामुळे इतकी वर्षं मी एकाच बाजूने फिरलो. ती बाजू माझ्या इतकी अंगवळणी पडली की दुसरी बाजू असते हेच मी विसरलो. गावातल्या किती लग्नांचे, बारशांचे, निवृत्तीचे केक माझ्यावर उभे राहिले याची गणतीच नाही. लोक केकची तारीफ करायचे, लिओनाची करायचे. माझी कुणी केली नाही, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटायचं, की वरून मला रोज पुसायचे आणि खालून कधीच कुणी बघायचं नाही.

मग लिओनाचं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी ती नुसती कुरकुरायची, मग पट्टा बांधून काम करायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हात थांबवा. तिने सजावट शिकायला माणूस हवं असल्याची पाटी लावली. दोन मुली आल्या आणि आठवड्याभरात गेल्या. "उन्हाळ्यापर्यंत कुणी तयार झालं नाही तर मी दाराला कुलूप लावणार," असं लिओना उघड बोलायला लागली. कुलूप लागलं म्हणजे मी कायमचा फळीवर.

जानेवारीत डार्ला आली. डार्ला शाळेची बस चालवायची. सकाळी मुलांना पोचवून झालं की दुपारच्या फेरीपर्यंत ती मोकळी असायची. वय एकेचाळीस, आवाज खणखणीत, हाताला ग्रीसचा वास. शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन होणार होती आणि जूनमध्ये तिची फेरी बंद होणार होती. तिला हे काम हवं होतं, अगदी मनापासून. पण तिने पिशवी उचलली ती डाव्या हातात.

"दुसऱ्या हातात घे," लिओना म्हणाली.

"हाच माझा हात आहे."

"अगं बाई, केकची कड म्हणजे काय तुझा खासगी रस्ता आहे? मी अर्ध्यात सोडली तर तुला पुढे नेता आली पाहिजे, तू सोडलीस तर मला. या दुकानात सगळे एकाच बाजूने जातात."

लिओनाचं अगदीच चुकत नव्हतं. आमच्या बेकरीची खूण म्हणजे केकच्या कडेला काढलेली शिंपल्यांची माळ. प्रत्येक शिंपल्याला फुगीर डोकं आणि निमुळती शेपटी. पुढच्याचं डोकं मागच्याच्या शेपटीवर बसतं. उजव्या हाताची माणसं ती माळ डावीकडून उजवीकडे नेतात. डाव्या हाताने तसंच जायचं म्हटलं तर आपलंच मनगट आपल्याच शिंपल्यांवरून घासत जातं. म्हणून डावखुऱ्याला उलटीकडून यावं लागतं. मग त्याच्या शिंपल्यांची तोंडंही उलटी होतात. एका माळेत दोन्ही आले तर जिथे जोड येतो तिथे कुणाच्याही डोळ्यांत खुपतो.

तरी पहिल्या दिवशी डार्लाने डाव्या हाताने करून बघितलं. उजव्या हाताने तिने मला उलट्या बाजूला ढकललं आणि मी किंचाळलो. मित्रांनो, मी मुद्दाम नाही केलं हो! पोटात काहीतरी अडकलं, मी करकरलो आणि गचका खाऊन थांबलो. शिंपला फिसकटला.

"बघ, पाटसुद्धा नको म्हणतोय," लिओना म्हणाली.

मी नको म्हणत नव्हतो. पण मला कोण विचारतं? त्या दिवसापासून डार्लाच्या विरुद्धचा साक्षीदार मीच झालो. ती बिचारी उजव्या हाताने गिरवायला लागली. पालथ्या डब्यावर शिंपले काढायचे, खरवडायचे, पुन्हा काढायचे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तिचे शिंपले कधी लठ्ठ व्हायचे, कधी गोगलगाईसारखे सरपटायचे. रोज सकाळी कॉफी प्यायला येणारा नॉर्बर्ट नावाचा म्हातारा शेतकरी काउंटरवरून तिची फिरकी घ्यायचा.

"डार्ला, बर्फात बस हाकतेस आणि लोण्याला घाबरतेस?"

"बसला दोन्ही हात लागतात, नॉर्बर्ट. तिथे कुणी माझा एक हात मागे बांधत नाही."

ती हसत बोलायची. पण एकदा ओट्याशी एकटी असताना तिने उजवा हात इतक्या जोराने माझ्या कडेवर आपटला की मी तीन फेरे घेतले. मग ती स्टुलावर बसली आणि तिने एप्रनला डोळे पुसले. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये एके दुपारी लिओना मनगट दाखवायला डॉक्टरांकडे गेली. डार्लाने मला उलट ढकललं, मी नेहमीसारखा करकरलो. पण या वेळी तिने हात काढला नाही. कान खाली आणला आणि पुन्हा हळूच ढकललं.

"हा आवाज मला माहीत आहे," ती म्हणाली. "हे बेअरिंग आहे."

बसमधून तिने नट-बोल्टचे पाने आणले, मला पालथं घातलं आणि माझं पोट उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड गेला. आतलं ग्रीस काळं पडून डिंकासारखं झालं होतं आणि एका कडेला उडून बसलेली साखर पार दगड झाली होती. एका बाजूने फिरताना बेअरिंगच्या गोळ्या त्या दगडाला चुकवून घसरायच्या, उलट फिरलो की त्यावर अडकायच्या. तिने तो दगड टोच्याने काढला, प्रत्येक गोळी गरम पाण्याने धुतली, कोरडी केली आणि केकच्या भांड्यांना लावतात ते खाण्याजोगं तेल घातलं. मला सरळ ठेवून तिने बोट लावलं. मी फिरलो. मग दुसरीकडून लावलं. मी तसाच फिरलो, ब्रही न काढता!

मित्रांनो, मला आनंदाने गावभर ओरडावंसं वाटलं, आणि नेमका त्याच दिवशी माझा आवाज गेला होता.

डार्लाने लिओनाला काही सांगितलं नाही. लिओनासमोर ती उजवा हात चालवायची आणि लिओना नसली की डावा. डाव्या हाताचे शिंपले असे पडायचे, जणू एकाच साच्यातून निघालेत. पण चोरून किती दिवस करणार? एप्रिल उजाडला. लिओना म्हणाली, "नॉर्बर्टच्या केकनंतर मला काय ते ठरवायचंय." म्हणजे काय हे डार्लाला कळलं आणि मलाही.

नॉर्बर्टच्या आणि त्याच्या बायकोच्या, इर्माच्या, लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांच्या लग्नाचा केक अल्बिनाने माझ्यावरच केला होता. नॉर्बर्टने तेव्हाचा फोटो आणून दिला होता. "अगदी हाच पाहिजे. काडीचाही फरक नको."

शनिवारी सकाळी लिओनाने हट्टाने पिशवी स्वतः घेतली. वर दोघांची नावं लिहिली, झोकात लिहिली. आता नाव लिहून झालं की मला अर्धा फेरा द्यायचा आणि माळ मागच्या बाजूने सुरू करायची हा या धंद्यातला पहिला धडा, कारण सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तो जोड मागे लपतो. हा धडा लिओनाने डार्लाला शंभरदा घोकून दिला होता. आणि त्या दिवशी मनगटाच्या कळेत ती स्वतःच मला फिरवायला विसरली. नावाच्या बरोब्बर खाली, केकच्या तोंडावर तिने पहिला शिंपला काढला. मला समजलं. मी वळवळलो, पण वर तीन थरांचा केक असताना मी आपण होऊन काय फिरणार?

अर्धी माळ झाली आणि तिच्या हातातून पिशवी गळून पडली. बोटं मिटेनात.

"डार्ला, पुढे ने," ती दात आवळून म्हणाली. "उजव्या हाताने."

डार्लाने तीन शिंपले काढले. तिन्ही थरथरले. तिने सुरीने ते अलगद काढून टाकले, क्षणभर केककडे पाहिलं आणि पिशवी डाव्या हातात घेतली.

"नको! तोंडं उलटी येतील!"

"लिओना, तुम्ही समोरून सुरू केलंय."

लिओनाने वाकून पाहिलं. नावाखाली तिचा पहिला शिंपला तिच्याकडे बघत होता. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"मग मी इथूनच सुरू करते," डार्ला म्हणाली. "तुमच्या पहिल्याला खेटून. तुमची माळ उजवीकडे गेली, माझी डावीकडे जाईल. शेपट्या मागे भेटतील."

तिने मला उलट ढकललं. लिओनाने सवयीने डोळे मिटले, करकर ऐकायच्या तयारीने. मी फिरलो. दुकानात फक्त फ्रीजची घरघर होती. एकामागून एक शिंपले पडत गेले, मी थांबलो नाही, अडलो नाही.

"हा ओरडत का नाही?" लिओनाने विचारलं.

"पोटात साखरेचा दगड झाला होता. काढला."

मागे दोन शेपट्या भेटल्या, डार्लाने त्यावर एक फूल ठेवलं आणि मला सरळ केलं. नावाखाली दोन शिंपले गालाला गाल लावून बसले होते आणि दोन्ही बाजूंना माळ सारखी उघडत गेली होती. एका हाताने अशी कड कधी झाली नसती.

दुपारी नॉर्बर्ट आणि इर्मा केक न्यायला आले. नॉर्बर्टने फोटो काढून शेजारी धरला आणि नाक मुरडलं. "ही डावी बाजू वेगळी आहे."

"कशावरून?" इर्मा म्हणाली. "फोटोत डाव्या बाजूवर तुझं कोपर आहे. पन्नास वर्षं ती बाजू कुणी पाहिलीच नाही!" तिने केककडे पुन्हा पाहिलं. "मला हा जास्त आवडलाय."

आता शेवटचं सांगतो. सोमवारी लिओना लवकर आली. उजवा हात पट्ट्याने गळ्यात अडकवलेला होता. तिने माझ्यावर पालथा डबा ठेवला, पिशवी डाव्या हातात धरली आणि मला कोपराने ढकललं. पहिला शिंपला फुटला. दुसरा सरपटला. तिसऱ्याला डोकंच नव्हतं. कपाळावर घाम येईपर्यंत ती काढत राहिली आणि मग थांबली.

"देवा," ती हळूच म्हणाली, "चार महिने मी तिच्याकडून हे करून घेतलं."

तेवढ्यात डार्ला सकाळची फेरी संपवून आत आली. तिने डबा पाहिला, लिओनाच्या हातातली पिशवी पाहिली.

"काय, पाट नको म्हणाला का?"

"पाट कधीच नको म्हणत नव्हता," लिओना म्हणाली. "मीच म्हणत होते." आणि ओट्याच्या खिळ्याला अडकवलेली दुकानाची किल्ली काढून तिने डार्लाच्या डाव्या हातात ठेवली.

मित्रांनो, हल्ली मी दोन्हीकडून फिरतो आणि महिन्याला एकदा माझं पोट उघडलं जातं. तुमच्या घरी एखादी वस्तू कुरकुरली तर तिला पालथं घालून बघा, तेल द्या. तोवर तिच्या आवाजावरून कुणाच्या हाताला नावं ठेवू नका. मला अजून त्या जानेवारीतल्या माझ्या किंचाळीची लाज वाटते. चला, डार्लाने पिशवी भरली, आता मला निघायला हवं.