'आधी'चा फोटो

"मान जरा खाली. अजून. आजारी दिसायला हवीस ना," फोटोग्राफर म्हणाला, आणि आठ वर्षांची मुलगी व्हीलचेअरमध्ये शहाण्यासारखी मान टाकून बसली.

दाराशी उभ्या असलेल्या फिजिओताईला शिसारी आली. हृदयातलं जन्मतःचं भोक बुजवल्यावर ही पोर पायरी बघूनच रडायची. आई तिला एकटीला न्हाणीघरातही जाऊ देत नव्हती. पाच महिने ताईने तिला चालवलं. आधी पलंगापासून खिडकीपर्यंत, मग व्हरांड्यात, मग जिन्यावर. स्वतः कायम दोन पावलं मागे, कारण शेजारून चाललं की मूल आपल्याच चालीशी चाल जुळवतं. गेल्या आठवड्यात तर पोरीने तिलाच धाप लावली.

आणि श्रेय कुणाला? अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांना. व्यायामाच्या जोडीला त्यांचा काही फायदा होतो का, हे बघायला गोळ्यांच्या कंपनीने बाटल्या पाठवल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मुलीला उलट्या झाल्या, आईने गोळ्या बंद केल्या. ताईने तसं फॉर्मवर लिहिलंही होतं.

"सर, हिने गोळ्या आठवडाभरही घेतल्या नाहीत," सकाळीच तिने मोठ्या डॉक्टरांना पुन्हा सांगून पाहिलं होतं.

"अहो, कंपनीच्या पोस्टरसाठी एवढं कोण खणत बसतंय? 'नंतर'चा फोटो झालाय, 'आधी'चा कुणी काढूनच ठेवला नाही. पाच मिनिटांचं काम. तुम्ही फक्त मागून खुर्ची धरा."

"मी नाही धरणार."

"मग बाजूला व्हा."

ती मुकाट्याने बाजूला झाली होती. त्या सगळ्यांपेक्षा आता तिला स्वतःचीच जास्त किळस येत होती.

"काय करू, ताई?" मुलीची आई हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी जीव वाचवला हिचा. नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

फोटो झाला. डॉक्टर कंपनीच्या माणसाला घेऊन चहाला गेले. मुलगी खुर्चीतच बसून होती.

"उठ की आता," आई म्हणाली.

मुलीने ताईकडे पाहिलं. "ताई, माझं परत बिघडलंय का?"

"नाही गं बाळा. खोटंखोटं होतं ते."

"मग डॉक्टरांनी का बसवलं?"

मुलगी उठली, दोन पावलं चालली, छातीवर हात ठेवून थांबली. मग तिने आईपुढे दोन्ही हात वर केले. आईने तिला उचलून घेतलं. तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.